जखम डावीकडे, पट्टी उजवीकडे

पडद्यावर नायक कड्याच्या टोकाला एका हातानं लोंबकळत होता. खाली दरी, वर खलनायक, आणि खलनायकाचा बूट नायकाच्या बोटांवर. टॉकीजमधली सगळी माणसं श्वास रोखून बसलेली. बिडी ओढणाऱ्यांची बिडी हातातच विझलेली. अशा वेळी तिसऱ्या रांगेतून एक खणखणीत आवाज आला, "घड्याळ!"

मी मानवतला नवीन होतो. मला वाटलं, कुणाचं तरी घड्याळ चोरीला गेलं. मी घाईघाईनं स्वतःचं मनगट चाचपून पाहिलं. पण बाकी कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. माझ्या शेजारचा माणूस नुसता "जमादार" एवढंच पुटपुटला आणि पुन्हा दरीत बघू लागला.

मध्यंतरात खुलासा झाला. नायक घरातून निघाला तेव्हा त्याच्या मनगटावर घड्याळ होतं. नदीत उडी मारली तेव्हा नव्हतं. कड्याला लोंबकळताना पुन्हा होतं.

"काढून ठिवलं आसंल तर कुणापाशी ठिवलं?" विश्वनाथ जमादार समोरच्या हॉटेलात चहाच्या कपाला विचारत होते.

मी शेजारीच उभा होतो. "खिशात ठेवलं असेल," मी सहज बोलून गेलो.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कोणत्या खिशात? नदीतून निघाला तवा आंगावर फकस्त चड्डी होती. तुमी काय करता?"

"शाळेत शिक्षक आहे."

"कोणता विषय?"

"विज्ञान."

"आरारारा," जमादार म्हणाले आणि त्यांनी उरलेला चहा बशीत ओतला.

आमची ओळख झाली ती अशी. त्याच आठवड्यात मला भाड्यानं खोली मिळाली ती नेमकी जमादारांच्या भिंतीला भिंत लावून. आणीबाणी नुकतीच उठली होती. लोक म्हणत होते, आता कुणाचा धाक राहिला नाही. ते जमादारांच्या शेजारी राहत नव्हते म्हणून तसं म्हणत होते.

जमादार पोलीस खात्यातून निवृत्त झाले होते. चोरांमागं धावण्यात त्यांची नोकरी गेली नव्हती. ते ठाण्यात रायटर होते, म्हणजे ठाण्यातली सगळी लिखापढी त्यांच्याकडं. निजामाच्या राज्यात उर्दूतून पंचनामे लिहायला शिकले, राज्य बदललं तसे मराठीतून लिहू लागले. पण कोणत्याही भाषेत असो, अंगावरच्या सदऱ्याची बटणं मोजल्याशिवाय आपण एकही मयत हलवू दिलेलं नाही, असं ते छातीवर हात ठेवून सांगत. एकदा म्हणे मयताच्या नातेवाइकांनी रडारड थांबवून त्यांना बटणं मोजायला मदत केली होती.

निवृत्तीनंतर माणसं देवळात जाऊन बसतात, नाहीतर सुनांच्या तक्रारी करतात. जमादारांनी सिनेमा धरला. त्यातही फक्त मारधाडीचे. देवादिकांचा, सासू-सुनेचा, डोळ्यांतून पाणी काढणारा असा चित्रपट लागला की ते त्या वाटेला फिरकत नसत. "त्यात मारामारी न्हाई. आमचं काय काम?" असं म्हणून ते त्या आठवड्यापुरती विश्रांती घेत.

मारधाडीचा सिनेमा लागला, की पहिल्याच दिवशी तो बघून जमादार त्याचा रीतसर पंचनामा करत. जागा ठरलेली. टॉकीजसमोर बाबूमियाँचं हॉटेल, कोपऱ्यातलं टेबल. कागद चारी बाजूंनी समास सोडून दुमडलेला. पंचनाम्याला दोन पंच लागतात. पहिला पंच कायमचा बाबूमियाँ. त्याला पाच हातांपलीकडचं दिसत नसे आणि चष्म्याची त्याला लाज वाटे, त्यामुळं त्याची साक्ष अगदी निर्मळ होती. "जमादार लिखे सो बराबर," म्हणून तो न वाचता सही ठोके. दुसरा पंच पूर्वी एक न्हावी होता; तो पंचनाम्याच्या जाचाला कंटाळून सेलूला राहायला गेला अशी वदंता होती. ती जागा मला मिळाली.

"पंचानं बघायचं आन् सही करायची," जमादारांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं. "मत द्यायचं न्हाई."

त्या पंचनाम्यांपैकी एकाची नक्कल मी हौसेनं उतरवून घेतली होती. ती अशी:

"आम्ही खाली सही करणार पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की, इसम नामे नायक, वय सिनेमात पंचवीस, प्रत्यक्षात चाळीसच्या आत नाही, बांधा मजबूत, पोट किंचित सुटलेले, यास गोदीतील मारामारीत डाव्या भुवईच्या वर एक इंच लांबीची जखम झाली. जखमेतून रक्त वाहत होते. त्यानंतर सदर इसम दवाखान्यात न जाता बागेत गाणे म्हणण्यास गेला. गाण्यात जखम आढळून आली नाही. गाणे संपल्यावर पट्टी उजव्या भुवईवर आढळून आली. पट्टी कोणी बांधली याबाबत एकही साक्षीदार पुढे आला नाही. नायिकेकडे चौकशी करता ती लाजली."

जमादारांच्या लेखी सिनेमाला नाव नसे. नुसता "गुन्हा". "मागच्या गुन्ह्यात बंदूक डाव्या हातात होती," असं ते म्हणत. पडद्यावर झाडलेल्या गोळ्या ते बोटांवर मोजत. सहा गोळ्यांच्या पिस्तुलातून नायकानं एकोणीस गोळ्या झाडल्या तेव्हा टॉकीजमध्ये शिट्ट्यांचा पाऊस पडला. जमादार मात्र बोटं संपली म्हणून माझी बोटं मागत होते.

"आमच्या ठाण्यात एकदा चुकून एक गोळी उडाली," ते नंतर सांगत होते. "एक. तिची रिकामी पुंगळी सापडंना. तीन दिस सगळं ठाणं रांगतं होतं. साहेब सुदिक. आन् ह्यो भाद्दर एकोणीस झाडून नाचायलाय. पुंगळ्या कोण येचणार?"

मोटारीच्या पाठलागात तर त्यांना फार त्रास व्हायचा. दुपारी सुरू झालेला पाठलाग एक वळण घेईपर्यंत संध्याकाळवर गेलेला. फुटलेली काच पुढच्या पुलावर सांधलेली. एका चित्रपटात रस्त्यावरून सुटली ती गाडी पांढरी आणि गोल टपाची, दरीत पडली ती पांढरी पण चौकोनी. जमादार दोन दिवस जेवले नाहीत असं त्यांच्या पत्नी गयाबाई म्हणाल्या.

"पडली ती येगळी मोटार," ते मला भिंतीवरून सांगत होते. "बरं, पडू द्या. मंग पहिली मोटार कुठाय? चोरीची फिर्याद कामून न्हाई दिली?"

मी म्हणालो, "जमादारसाहेब, जुनी गाडी स्वस्तात मिळते, म्हणून पाडायला वेगळी वापरतात."

"ते मला कळायलंय. पण त्यानं सांगायचं की तसं. पडद्यावर लिहायचं, 'पडणारी मोटार येगळी हाय'. आमी काय न्हाई म्हणलं आसतं का?"

या नजरेचा जाच सगळ्या गल्लीला होता. "गुरुजी, सकाळी जाताना पिशवी उजव्या खांद्यावर होती. आता डाव्या. मधी काय घडलं?" "काही नाही हो, खांदा दुखला." "बरं. नमूद केलं." दूधवाला मिशी काढून आला तर त्याला ओळख पटवून द्यावी लागली. कुणी पोटदुखीचं सांगून लग्नाला गेलं नाही आणि चौथ्या दिवशी भजी खाताना सापडलं, की जमादार काही बोलत नसत. नुसते त्या भज्यांकडं बघत. खाणाऱ्याला पुढचा घास गिळत नसे.

मला विचाराल तर त्या दीड वर्षात मी एकही सिनेमा सुखानं पाहिला नाही. पण मला नाद लागला. जमादारांच्या आधी आपल्याला एक तरी चूक सापडावी, अशी इच्छा माझ्या मनात रुजली आणि ती फार वाढली. मी डोळे फाडून बघायचो. मला खलनायकाच्या अंगठीचा रंग बदललेला दिसेपर्यंत तिसऱ्या रांगेतून "अंगठी!" असा आवाज येऊन गेलेला असे. त्यांना हे दिसतं तरी कसं, हे मला कळत नव्हतं. सगळे नायकाकडं बघत असताना हा माणूस बघतो कुठं?

जमादारांच्या घरात आणखी एक गोष्ट होती, आणि ती मला गयाबाईंनी सांगितली. त्यांना मी मावशी म्हणत असे. एका सकाळी त्या भिंतीशी उभ्या राहून गल्लीच्या तोंडाकडं बघत होत्या. टपालवाला आला. आमच्या गल्लीत शिरताना त्यानं सायकलची घंटी वाजवली नाही आणि मान खाली घालून निघून गेला. तो रोजच असा जायचा, पण माझ्या ते ध्यानात आलं नव्हतं.

"कुणाचं पत्र यायचंय का मावशी?"

"मदूचं," त्या म्हणाल्या.

मधुकर हा त्यांचा एकुलता मुलगा. अंगानं काटक, अभ्यासात ढ, आणि उड्या मारण्यात पटाईत. जिनिंग कारखान्याच्या पत्र्यावरून खालच्या कापसाच्या ढिगावर तो डावा खांदा पुढं टाकून अशी उडी घ्यायचा की हमाल काम सोडून बघत. जमादारांना त्याला पोलिसात भरती करायचं होतं. भरतीच्या दिवशी हा पत्र्यावर. जमादारांनी त्याला सगळ्या हमालांदेखत पट्ट्यानं फोडला आणि म्हणाले, "जा, मला तू मेलास." तो गेला. मानवत रोडला मुंबईच्या गाडीत चढताना कुणीतरी पाहिलं, ती शेवटची खबर. त्याला पाच वर्षं झाली होती. तेव्हापासून जमादारांच्या घरात त्याचं नाव काढायची बंदी होती.

"कुठं का आसंना," मावशी म्हणाल्या. "न्हाई आला तरी चालंल. न्हाई लिव्हलं तरी चालंल. जित्ता हाय का, एवढं कुणीतरी सांगावं. घास उतरत न्हाई बगा गुरुजी."

जमादार आत खाटेवर बसून सदऱ्याला बटण लावत होते. त्यांना सगळं ऐकू जात होतं. त्यांनी मान वर केली नाही.

मग एका शुक्रवारी तो चित्रपट लागला. चोरट्या मालाची टोळी, समुद्र, गोदाम, नेहमीचंच सामान. मध्यंतरानंतर नायक एकटाच टोळीवर तुटून पडला. पाण्याच्या उंच टाकीवर टोळीतला एक माणूस उभा होता, चट्टेरी बनियन, दाढी लावलेली. नायकानं खालून गोळी झाडली. तो माणूस छाती धरून तीस फुटांवरून खाली कोसळला. रक्ताचं थारोळं. विषय संपला.

पुढं आणखी एक लढाई झाली. मग गोदामाचं दार उघडलं. आत टोळीचे लोक खोकी उचलत होते. त्यांत तोच माणूस! तेच चट्टेरी बनियन, तीच दाढी, खांद्यावर खोकं घेऊन ठणठणीत चालत होता.

मी जमादारांकडं बघितलं. ते गप्प. आणखी क्षणभर वाट पाहिली. गप्प. मग मात्र मला राहवेना. मी आयुष्यात पहिल्यांदा टॉकीजमध्ये ओरडलो, "मयत!"

पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "घ्या, ह्यांनाबी लागण झाली."

हॉटेलात मी विजयी वीरासारखा बसलो होतो. "लिहा," मी म्हणालो. "टाकीवरून पडून मयत झालेला इसम गोदामात खोकी उचलताना आढळून आला."

जमादारांनी कागद दुमडला नव्हता. "आसं काही घडलं न्हाई," ते म्हणाले.

"म्हणजे? मी या डोळ्यांनी पाहिलं."

"तुमची नजर चुकली. दोन येगळे इसम व्हते."

"बनियन तेच, दाढी तीच!"

"पंचानं मत देऊ न्हाई," जमादार म्हणाले आणि चहा तसाच टाकून उठले. बाबूमियाँनं सवयीनं कोऱ्या टेबलावरच सही करायला हात पुढं केला होता.

मला इतका राग आला की रात्रभर मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होतो. दीड वर्षानं एक चूक सापडली आणि हा माणूस मत्सरानं ती दाबतो! दुसऱ्या दिवशी शनिवार, शाळा सकाळची. मी तीनच्या खेळाला पुन्हा गेलो. विज्ञानात प्रयोग दोनदा करावा लागतो.

जमादार तिथं होते. तिसऱ्या रांगेत नाही, अगदी पुढं जमिनीवर, पडद्याला नाक लावून. हातात कागद नव्हता. अधेमधे पिस्तुलं कडाडत होती, पण ते बोटं मोजत नव्हते. टाकीवरचा माणूस पडला तेव्हा त्यांचा उजवा हात झेलायला निघाल्यासारखा वर गेला आणि अर्ध्यावर थांबला. गोदामाचं दार उघडलं तसे ते उभेच राहिले. मागचे लोक ओरडले, "जमादार, बसा की खाली!" ते बसले नाहीत. तो माणूस खोकं घेऊन पडद्याबाहेर गेला आणि जमादारही बाहेर गेले. नायकाचं पुढं काय झालं याची त्यांना फिकीर नव्हती.

मी मागोमाग गेलो. टॉकीजच्या भिंतीशी सरकीच्या पोत्यांवर ते बसले होते.

"तुमी बराबर बघितलं गुरुजी," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "मयत आन् खोकंवाला एकच हाय."

"मग काल का नाही लिहिलंत?"

"लिव्हलं आसतं तर चूक म्हणून लिव्हावं लागलं आसतं." त्यांनी पोत्यातून बाहेर आलेली एक सरकी बोटांनी उचलली. "मदू हाय त्यो. डावा खांदा पुढं टाकून पडतो."

मी त्यांच्या शेजारी बसलो.

"जाताना म्हणला होता, तुमच्या पट्ट्यापरीस पडद्यावर उड्या मारून खाईन. पाच वर्सं झाली, त्याच्यापायी बघायलोय मी हे समदं. नायकाकडं कोण बघतंय? मागं उभी आसतेत ना, मार खाणारी, ती माणसं बघतो. ती बघता बघता घड्याळ दिसतं, पट्टी दिसती. माझ्याच्यानं ऱ्हावत न्हाई मंग."

"मावशींना सांगितलंत?"

त्यांनी मान हलवली. त्यांचा चेहरा मी इतका उतरलेला कधी पाहिला नव्हता. "बापाची साक्ष हाय ही. कोर्टात टिकत न्हाई. पाच वर्सं शोधणाऱ्याला कुणीबी आपलाच दिसतो. दुसराच निघाला तर तिला काय सांगू? आन् त्योच निघाला, तर तिनं त्याला गोळी खाऊन पडताना बघायचं?"

"त्याला ओळखील असं दुसरं आहे कोण?" मी म्हणालो. "गुरुवारी चित्रपट जाणार. शुक्रवारी रिळांच्या पेट्या पूर्ण्याला."

जमादारांना ते माहीत होतं. रविवारी ते एकटेच गेले. सोमवारी गेले, मंगळवारी, बुधवारी. घरी कुणी काही विचारत नव्हतं. गुरुवारी सकाळी भिंतीपलीकडून बराच वेळ दबका आवाज येत राहिला, आणि मग मावशींचा मोठ्यानं रडण्याचा. मी शाळेत पोटदुखीचा अर्ज पाठवून दिला.

गयाबाई सिनेमा बघायला आयुष्यात पहिल्यांदा निघाल्या होत्या. लग्नकार्याचं लुगडं नेसल्या होत्या. पदराखाली एक पुरचुंडी होती. तिच्यात शेंगदाण्याचे लाडू होते, हे वासावरून कळत होतं. भेट व्हायची नाही हे त्यांना नीट सांगितलेलं होतं आणि ते त्यांना समजलंही होतं. तरी आणले होते. एरवी असल्या गोष्टीवर गप्प न बसणारे जमादार त्या पुरचुंडीकडं बघून न बघितल्यासारखं करत होते.

शेवटच्या दिवसाचा तीनचा खेळ, टॉकीजमध्ये चिटपाखरू नव्हतं. बायकांचे बाक वेगळे, पण दारवान जमादारांना काही बोलला नाही. ते दोघं खुर्च्यांवर शेजारी बसले, मी मागच्या रांगेत. पडद्यावर जो माणूस येईल त्याच्याकडं बोट करून मावशी विचारत, "ह्यो न्हाई ना?" खलनायकाबद्दलही विचारलं. जमादार दर वेळी "न्हाई, अजून टाइम हाय," म्हणत.

टाकी आली. चट्टेरी बनियन शिडीवरून वर चढू लागलं. अजून चेहरा दिसला नव्हता, नुसती पाठ होती.

"मदू," गयाबाई म्हणाल्या.

विचारलं नाही, सांगितलं. जमादारांचे खांदे एकदम खाली आल्याचं मला मागून दिसलं.

तेवढ्यात गोळी सुटली. तो पडला. मावशी ताडकन उठल्या. "आवं पडला! रगत! आवं, काय बसलाव!" त्या खुर्च्या ढकलत पडद्याकडं निघाल्या. जमादारांनी त्यांचं मनगट धरलं. त्यांनी बायकोला हात लावलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"बस. रंग हाय त्यो. खाली गाद्या आसतेत."

"लागलं की वो त्याला!"

"न्हाई लागत. मी रोज बघायलोय ना. रोज पडतो, रोज उठतो. बस."

त्या बसल्या. मनगट त्यांनी सोडवून घेतलं नाही. पुढं पडद्यावर काय काय फुटलं आणि कोण कोण मेलं, ते आम्हा तिघांपैकी कुणीच पाहिलं नाही. गोदामाचं दार उघडलं. डावीकडून तो आला, खांद्यावर मोठं लाकडी खोकं, कुणाला तरी वाट देत थांबला, एकदा समोर बघितलं आणि चालत गेला.

पदराखालची पुरचुंडी गयाबाईंनी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

"वाळलाय," त्या शेवटी म्हणाल्या. मग जरा वेळानं, "केवढं खोकं दिलंय वो खांद्यावर. जड आसंल, न्हाई?"

"रिकामं हाय," जमादार म्हणाले. "सिनेमात समदी खोकी रिकामी आसतेत."